गाठ सामायिक, कात्री ज्याची त्याची : तारायंत्रापासून इंटरनेटपर्यंत

१/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसहून निघालेली तार काही क्षणांत फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबर्गला पोहोचे आणि तिथे थबके. स्थानकात एक सामायिक टेबल होते. त्याच्या अलीकडे फ्रान्सचा तारमास्तर बसे, पलीकडे बाडेन या जर्मन राज्याचा. फ्रेंच तारमास्तर आलेला मजकूर कागदावर उतरवून घेई आणि तो कागद टेबलावरून पलीकडे देई. जर्मन तारमास्तर त्याचे भाषांतर करून तो आपल्या तारेवर चढवी. शेकडो मैलांचे अंतर वीज क्षणात कापत असे. टेबलाची रुंदी मात्र हातानेच ओलांडावी लागे.

२/
विजेला सरहद्द ठाऊक नव्हती, राज्यांना होती. इंटरनेटचे नियम प्रत्येक राष्ट्राने आपापले करावेत की सर्वांनी मिळून, हा आजचा वाद अशा टेबलांपाशीच सुरू झाला. राष्ट्रीय स्वातंत्र्य एका पारड्यात आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य दुसऱ्यात, अशी त्याची मांडणी सहसा केली जाते. इतिहास वेगळेच सांगतो. राष्ट्रांनी या दोन्ही गोष्टी फार पूर्वी एकाच करारात, एकाच शाईने लिहून ठेवल्या. त्या कशा लिहिल्या आणि त्यात सामान्य माणसाच्या वाट्याला काय आले, याचा हा धागा.

३/
१८६५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने युरोपातील राज्यांना पॅरिसला बोलावले. प्रत्येक राज्याचे दर निराळे, यंत्रे निराळी, नियम निराळे. दोन-दोन राज्यांमध्ये केलेल्या करारांचे जाळे इतके गुंतले होते की एका तारेचा हिशेब करताना कारकून मेटाकुटीला येत. १७ मे १८६५ रोजी २० राज्यांनी पहिल्या आंतरराष्ट्रीय तार करारावर सह्या केल्या. दरांची समान पद्धत ठरली, हिशेबासाठी फ्रँक हे सामायिक नाणे ठरले, मोर्सचे यंत्र मान्य झाले. आंतरराष्ट्रीय तार संघ जन्मला. संयुक्त राष्ट्रसंघ तर दूरच, तेव्हा राष्ट्रसंघही अस्तित्वात नव्हता.

४/
दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे हा करार नव्याने लिहिला गेला. त्याचे पहिले कलम उदार आहे : आंतरराष्ट्रीय तारेने संदेश पाठवण्याचा प्रत्येकाचा हक्क राज्ये मान्य करतात. दुसऱ्या कलमात संदेशाच्या गुप्ततेची हमी आहे. मग सातवे कलम येते : राज्याच्या सुरक्षिततेला धोकादायक, कायद्याविरुद्ध, सार्वजनिक सुव्यवस्थेला वा नीतीला बाधक वाटणारी खासगी तार थांबवण्याचा अधिकार प्रत्येक राज्य राखून ठेवते. आठवे कलम त्याही पुढे जाते : गरज वाटल्यास संपूर्ण सेवाच स्थगित करता येईल, इतर राज्यांना तसे कळवले म्हणजे झाले.

५/
या रचनेकडे नीट पाहणे आवश्यक आहे, कारण पुढची दीडशे वर्षे ती जवळपास तशीच राहिली. तारा एकमेकींना जोडण्यासाठी सर्वांची संमती लागे. तोडण्यासाठी कोणाचीच लागत नसे. गाठ सामायिक होती, कात्री ज्याची त्याची. सहकार्याने सार्वभौमत्वाला छेद दिला, असे इथे कुठेच दिसत नाही. उलट, कात्री आपल्या हातात राहणार या खात्रीमुळेच राज्ये गाठ बांधायला तयार झाली.

६/
या कथेत हिंदुस्थानचा प्रवेश चमत्कारिक रीतीने झाला. ब्रिटनमधील तारायंत्रे त्या काळी खासगी कंपन्यांकडे होती आणि संघ होता सरकारांचा. त्यामुळे खुद्द ब्रिटन त्यात नव्हते. हिंदुस्थानातील तारखाते मात्र सरकारी होते. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थान १८६९ मध्ये, ब्रिटनच्याही आधी, संघाचा सदस्य झाला. पुढच्याच वर्षी सुएझ आणि एडनमार्गे आलेली समुद्री केबल मुंबईला पोहोचली आणि हे शहर लंडनशी समुद्राखालून जोडले गेले.

७/
वसाहतीला जागतिक संघटनेत स्वतःच्या नावाची खुर्ची होती. तिच्यावर बसणारे अधिकारी मात्र इंग्रज होते. तार थांबवण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारला होता, आणि ते सरकार येथील जनतेला उत्तरदायी नव्हते. १८८५ मध्ये भारतीय तार कायदा झाला. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तार रोखण्याचा अधिकार त्याच्या पाचव्या कलमाने सरकारला दिला. हे कलम लक्षात ठेवावे. या धाग्यात ते पुन्हा येणार आहे.

८/
कात्री किती धारदार असते, हे १९१४ मध्ये जगाने पाहिले. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि काही तासांतच, ५ ऑगस्टच्या पहाटे, ‘अलर्ट’ नावाच्या ब्रिटिश केबल-जहाजाने इंग्लिश खाडीतील जर्मन केबली वर ओढून तोडल्या. जर्मनीला जगाशी बोलण्यासाठी बिनतारी संदेशांचा किंवा परक्यांच्या तारांचा आसरा घ्यावा लागला, आणि तेथे ऐकणारे कान शत्रूचे होते. ज्याच्या हातात जाळे, त्याच्या हातात युद्धाचे एक शस्त्र, हा धडा प्रत्येक राजधानीने गिरवला.

९/
त्यानंतरही संघ टिकला. १९३२ मध्ये माद्रिद येथे त्याचे नाव आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, असे झाले. १९४७ मध्ये तो संयुक्त राष्ट्रसंघाशी जोडला गेला. १९८८ मध्ये मेलबर्न येथे देशोदेशींच्या दूरध्वनी-खात्यांमधील व्यवहाराची नियमावली ठरली. बहुतेक देशांत टेलिफोन तेव्हा सरकारी मक्तेदारीत होता. त्या नियमावलीत ‘इंटरनेट’ हा शब्द एकदाही येत नाही. आणि नेमके तेच जाळे करारांच्या मागच्या दाराने जगभर पसरत होते.

१०/
इंटरनेटचा जन्म कोणत्याही परिषदेत झाला नाही. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेल्या अर्पानेट प्रकल्पात कॅलिफोर्नियातील दोन संगणक पहिल्यांदा जोडले गेले. पुढे विद्यापीठे जोडली गेली, मग देश जोडले गेले. जोडून घ्यायचे असेल तर समान तांत्रिक नियम पाळा, एवढीच अट. सही करायला परराष्ट्रमंत्री लागत नव्हता. पण एका गोष्टीला मध्यवर्ती नोंद अपरिहार्य होती, ती म्हणजे नावे. संगणक अंक ओळखतो, माणूस नाव. नावावरून अंक शोधण्याची पद्धत १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली. या पद्धतीच्या शिखरावर एक छोटीशी यादी असते. तिला ‘रूट’, म्हणजे मूळ, म्हणतात. तिच्यात नसलेल्या नावाचा पत्ता बाकीच्या जगाला लागत नाही.

११/
ही यादी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतील जॉन पोस्टेल हे संगणकशास्त्रज्ञ सांभाळत. प्रत्येक देशाला दोन अक्षरी नाव द्यायचे ठरले तेव्हा अवघड प्रश्न उभा राहिला : देश कोणाला म्हणायचे? पोस्टेल यांनी तो प्रश्न स्वतःकडे घेतलाच नाही. देशांच्या संक्षिप्त नावांची एक आंतरराष्ट्रीय प्रमाणित यादी आधीच होती; तीच त्यांनी स्वीकारली. १९८९ मध्ये भारताचे ‘डॉट इन’ त्या मूळ यादीत आले. त्याची व्यवस्था मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र पाहू लागले. कोणताही तह न होता भारताची इंटरनेटवरची सीमा नोंदली गेली.

१२/
विश्वासावर चाललेल्या या व्यवस्थेतील सत्तेचा प्रश्न १९९८ मध्ये उघडा पडला. नावांचे व्यवस्थापन कोणाकडे असावे, याचा मसुदा अमेरिकी सरकार प्रसिद्ध करण्याच्या बेतात होते. २८ जानेवारीला पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना ई-मेल पाठवली : यापुढे यादी सरकारशी करारबद्ध असलेल्या कंपनीकडून न घेता माझ्या संगणकाकडून घ्या. चालकांनी ते ऐकले. वापरणाऱ्यांपैकी कोणालाही काही जाणवले नाही, पण इंटरनेटच्या मुळाचे दोन भाग झाले होते. अमेरिकी सरकारकडून दूरध्वनी खणखणले. ही केवळ चाचणी होती, असे सांगून पोस्टेल यांनी सर्व पूर्ववत केले.

१३/
त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदली गेली आणि नावांची व्यवस्था तिच्याकडे आली. १६ ऑक्टोबरला पोस्टेल यांचे निधन झाले. आयकॅनचे काम अमेरिकी वाणिज्य खात्याशी झालेल्या करारानुसार चाले; मूळ यादीतील प्रत्येक बदलाला त्या खात्याची संमती लागे. म्हणजे जगातील कोणत्याही देशाच्या नावाची नोंद बदलायची तर कागद एका देशाच्या कचेरीतून जाणार. अमेरिकेने त्या अधिकाराचा गैरवापर करून कोणा देशाचे नाव पुसले नाही, हे खरे. पण शेजाऱ्याच्या कमरेला आपल्या घराची किल्ली असेल, तर त्याने ती कधी वापरली नाही एवढ्याने समाधान होत नाही.

१४/
हा असंतोष जागतिक माहिती समाज परिषदेच्या दोन अधिवेशनांत उफाळून आला : २००३ मध्ये जिनिव्हा, २००५ मध्ये ट्युनिस. ब्राझील, चीन, इराण यांसारख्या देशांना सरकारांचा सहभाग असलेली नवी व्यवस्था हवी होती. अमेरिका किल्ली सोडायला तयार नव्हती. तडजोड निघाली ती अशी : कोणत्याही देशाने दुसऱ्या देशाच्या नावाविषयीच्या निर्णयात हस्तक्षेप करू नये, हे तत्त्व मान्य झाले आणि चर्चेसाठी इंटरनेट शासन मंच स्थापन झाला. त्याला निर्णयाचे अधिकार नव्हते. त्याची तिसरी बैठक डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादला भरली, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर अवघ्या आठवड्याभरात. सुरक्षेचा प्रश्न तेथे कागदावरचा राहिला नव्हता.

१५/
त्याच वर्षी एका देशाची कात्री साऱ्या जगाला लागल्याचे उदाहरण घडले. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्याचा एक खोटा रस्ता आपल्या जाळ्यात जाहीर केला, जेणेकरून मागणी तिथेच विरून जावी. ती घोषणा चुकून देशाबाहेर, हाँगकाँगमधील कंपनीकडे गेली आणि तिच्यामार्फत जगभर पसरली. इंटरनेटवरील यंत्रे अधिक नेमक्या पत्त्यावर विश्वास ठेवतात. सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागाला यूट्यूब मिळेना. ती चूक कोणत्याही न्यायालयाने वा करारानेही निस्तरली नाही. वेगवेगळ्या देशांतील अभियंत्यांनी आपापसांत संपर्क साधून ती निस्तरली. तारेच्या युगातील कात्री आपल्याच हद्दीत चाले. या जाळ्यात तसे राहिले नाही.

१६/
ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत प्रस्ताव मांडला : इंटरनेटविषयक धोरणांसाठी ५० सदस्य देशांची समिती असावी आणि तिने दरवर्षी जिनिव्हात दोन आठवडे बैठक घ्यावी. एकाच देशाकडे किल्ली असण्यापेक्षा ५० देशांच्या हाती ती असणे न्याय्य, असा त्यामागचा विचार. देशातूनच त्यावर टीका झाली : सरकारांची समिती म्हणजे सरकारांचीच सोय, वापरणारे, उद्योग, अभियंते कुठे? एकाधिकाराविरुद्धची तक्रार रास्त होती, पण सुचवलेल्या उपायात नागरिकाची खुर्ची नव्हती. पुढे भारताची भूमिका बदलत गेली आणि जून २०१५ मध्ये ब्यूनस आयर्स येथे भारताने सर्व घटकांच्या सहभागाच्या पद्धतीला जाहीर पाठिंबा दिला.

१७/
त्याआधी, डिसेंबर २०१२ मध्ये, आयटीयूची परिषद दुबईला भरली. मेलबर्नची जुनी नियमावली सुधारायची होती. रशिया, चीन व काही अरब देशांना तीत इंटरनेट आणायचे होते. अमेरिका व तिचे मित्र त्याला विरोध करीत होते. शेवटी मतदानाचा अधिकार असलेल्या १४४ देशांपैकी ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही. सही न करणाऱ्यांत अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्याबरोबर भारतही होता. १८६५ पासून चालत आलेल्या सर्वसंमतीच्या परंपरेत पडलेली ही उघड भेग होती. दोन्ही बाजू स्वातंत्र्याची भाषा बोलत होत्या : एक बाजू राष्ट्राच्या, दुसरी जाळ्याच्या. पहिलीतील अनेक राज्ये घरी सेन्सॉरशिप चालवत होती. दुसरीतील सर्वांत बलाढ्य राष्ट्र काय करत होते, हे सहा महिन्यांतच कळणार होते.

१८/
जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांवरून अमेरिकेची जगव्यापी पाळत जगासमोर आली. सप्टेंबरमध्ये ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांनी आमसभेत तिचा निषेध केला. किल्लीदार विश्वासू आहे, या युक्तिवादाचा पायाच खचला. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने आपला अधिकार सोडण्याची घोषणा केली, पण एका अटीवर : तो सरकारांच्या संघटनेकडे जाणार नाही. अमेरिकेतच त्याला विरोध झाला. चार राज्यांनी न्यायालयात धाव घेतली, ती निष्फळ ठरली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी करार संपला. इंटरनेटची मूळ यादी आता कोणत्याही एका सरकारच्या संमतीवर अवलंबून राहिली नाही.

१९/
या सामायिक गाठीतून स्वतंत्र राष्ट्रांना काय मिळाले, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले घरचे : अनेक वर्षे इंटरनेटवरील पत्ते केवळ रोमन लिपीत लिहिता येत. आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव सुरू झाले, मराठी व कोंकणीसह. स्वतःच्या लिपीत स्वतःचे नाव लिहिण्याचा हा हक्क एकट्याने मिळवता येण्याजोगा नव्हता. साऱ्या जगातील संगणकांनी ती अक्षरे ओळखणे आवश्यक होते.

२०/
दुसरे उदाहरण युद्धातले. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियन आक्रमणानंतर चार दिवसांनी, युक्रेनने आयकॅनला विनंती केली : रशियाचे ‘डॉट आरयू’ हे नाव रद्द करा. आक्रमण झालेल्या देशाची वेदना रास्त होती. आयकॅनने नकार दिला. एकदा मूळ यादी शिक्षेचे साधन झाली की पुढची शिक्षा कोणाला, हा प्रश्न कायमचा उरतो. १९१४ मध्ये ‘अलर्ट’ जहाजाने जे केले, ते करण्यास जागतिक जाळ्याच्या गाठीशी बसलेल्या संस्थेने नकार दिला होता. रशियाने मात्र स्वतःचे जाळे गरज पडल्यास जगापासून अलग करता यावे, यासाठीचा कायदा २०१९ मध्येच करून ठेवला होता. बाहेरून तोडण्याला नकार मिळाला. आतून तोडण्याची तयारी पूर्ण होती.

२१/
इथे १८७५ चे सातवे आणि आठवे कलम पुन्हा समोर येते. आयटीयूच्या आजच्या घटनेतही ती तरतूद आहे : कलम ३३ मध्ये जनतेचा संपर्कसेवेचा हक्क, कलम ३४ मध्ये संदेश थांबवण्याचा, कलम ३५ मध्ये सेवा स्थगित करण्याचा राज्याचा अधिकार. आणि भारतात १८८५ चा तार कायदाही टिकून होता. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली, लोकांनी आठवण म्हणून शेवटच्या तारा पाठवल्या; कायदा मात्र सेवेच्या मागे राहिला. २०१७ मध्ये इंटरनेट बंद करण्याचे नियम आखले गेले, ते याच कायद्याखाली.

२२/
ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील संपर्कसेवा बंद झाल्या. वृत्तपत्र छापणे, परीक्षेचा अर्ज भरणे, व्यापाराचा हिशेब पाठवणे, सारे अडले. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला : इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना राज्यघटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. न्यायालयाने सेवा तत्काळ सुरू करण्याचा हुकूम दिला नाही, आदेशांचा फेरविचार करण्यास सांगितले. वेगवान ४जी सेवा परत येण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सेवा स्थगित करण्याचा अधिकार कायम आहे.

२३/
दीडशे वर्षांच्या या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय सहकार्याने गाठ राखली : तारेचा दर, केबलची जोडणी, नावांची यादी. जाळ्याचे मूळ कोणा एकाच्या मालकीचे होऊ नये, यासाठी ते अनिवार्य आहे आणि तेथे सार्वभौमत्वाचा हट्ट अखेर प्रत्येक राष्ट्राच्याच मुळावर येतो. पण त्या सहकार्याने कात्रीला कधीही हात लावला नाही. जिनिव्हात, ट्युनिसमध्ये, दुबईत जे भांडण झाले, ते गाठीच्या मालकीचे होते. स्वतःच्या नागरिकांचा संपर्क तोडण्याच्या अधिकारावर जवळपास सर्वच सरकारांचे मौन एकसारखे होते.

२४/
म्हणून कात्रीला आवर घालण्याची जागा आंतरराष्ट्रीय परिषदेत नाही. ती घरी आहे, राज्यघटनेत, न्यायालयात, कायदेमंडळात. १८६९ च्या हिंदुस्थानला जागतिक संघात खुर्ची होती, पण तार का थांबवली, असे सरकारला विचारण्याचा हक्क येथील माणसाला नव्हता. स्वतंत्र भारताच्या नागरिकाला तो आहे. राष्ट्रीय स्वातंत्र्याचा इंटरनेटच्या संदर्भातील सर्वांत मोलाचा अर्थ कदाचित एवढाच : कात्री आपल्या सरकारच्या हाती असणे, हे अर्धे स्वातंत्र्य, ती कोणत्या कारणाने, किती काळ आणि कोणाच्या आदेशाने चालली, याचे लेखी उत्तर सरकारकडून मिळवता येणे, हे उरलेले अर्धे.